सुमात्राचा तो चढ

आई,

तुम्हाला जाऊन सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत तुमचा निखिल माझ्याशी जे काही बोललाय, त्यातलं निम्मं कचऱ्याच्या बिनबद्दल आहे. आज निळा बाहेर ठेवायचा की काळा, एवढंच. मंगळवारी सकाळी तो दारात उभा राहून विचारतो, मी सांगते, तो बिन ओढत फुटपाथपर्यंत नेतो आणि मागे न बघता स्टेशनकडे चालू लागतो. ईलिंगच्या या घरात आपण तिघं होतो तेव्हा बोलायचं सगळं काम तुमच्याकडे होतं, हे मला आता कळतंय. आम्ही दोघं तुमच्याशी बोलायचो आणि ते एकमेकांना ऐकू जायचं.

इथल्या मराठी मंडळाने हॉलमध्ये शोकसभा घेतली. सगळे चांगलंच बोलले. एकाहत्तराव्या वर्षी पाठीला सॅक लावून जंगलं फिरणारी बाई, हातात कॅमेरा, काय ती जिद्द. एक काका म्हणाले, ‘आवडीचं काम करता करता गेल्या, भाग्य लागतं.’ मी पहिल्या रांगेत बसून मान हलवली. तुम्ही कशा गेलात हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं, आणि उठून सांगायची माझी हिंमत नव्हती.

म्हणून तुम्हालाच लिहितेय. तुम्ही तिथे होतात, तुम्हाला वेगळं काय सांगायचं? पण माझ्या मनात काय चाललं होतं ते तुम्हाला माहीत नाही.

बाबा गेल्यावर वर्षभर तुम्ही फारशा घराबाहेर पडला नाहीत. मग एक दिवस कॉलेजातल्या संध्याकाळच्या फोटोग्राफीच्या क्लासला नाव घालून आलात. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीस वर्षं मायक्रोस्कोपवर वाकून लोकांचं रक्त बघितलेली बाई, तुम्हाला लेन्सची भीती कसली? पार्कातल्या हिरव्या पोपटांचे एवढे फोटो काढलेत की निखिल कंटाळला. आणि एका रविवारी पोहे खाता खाता म्हणालात, ‘मला धनेश बघायचाय. उडताना. त्याच्या पंखांचा आवाज येतो म्हणे.’

‘झूमध्ये जाऊ की, ममा,’ निखिल म्हणाला.

‘झूमध्ये नाही. त्याच्या घरी.’

तुम्हाला एकटीला सोडायला तो तयार नव्हता आणि त्याला स्वतःला जळवांचं नाव काढलं तरी कसंतरी व्हायचं. ‘मी जाते आईंबरोबर,’ मी म्हणाले. विचार न करता म्हणाले. साताऱ्याहून लग्न करून इकडे परदेशात येऊन मला तेव्हा आठ वर्षं झाली होती. चष्म्याच्या दुकानातली नोकरी, घर, शनिवारचा बाजार. माझं तोंड आपोआप उघडलं आणि तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू पहिल्यांदाच बघत होतात.

थायलंडच्या जंगलात पहिल्या सकाळी धनेश खरंच डोक्यावरून गेला. आधी आवाज आला, कोणीतरी मोठी चादर झटकतंय तसा. तुम्ही कॅमेरा उचललात, दहा-बारा वेळा बटण दाबलंत आणि मग खाली बघितलंत तर लेन्सची टोपी तशीच. मला वाटलं आता रडणार. तुम्ही चिखलात बसून इतक्या हसलात की गाइडने घाबरून पाणी पुढे केलं. ‘सून असून सांगता आलं नाही होय तुला?’ म्हणालात. मलाही दिसलं नव्हतं, आई. मी वर बघत होते.

त्या तीन आठवड्यांत मला कळलं की तुमच्याबरोबर गप्प बसता येतं. झाडाखाली तीन-तीन तास, पाठीला पाठ लावून. घामाने तुमची टिकली सुटायची, ती तुम्ही कॅमेऱ्याच्या पाठीवर चिकटवायचात. कॅम्पवर गरम भातावर मेतकूट, आणि झोपण्याआधी एकमेकींच्या पायावरच्या जळवा शोधायच्या. घरी आपण सासू-सून होतो. तिथे कोण होतो, त्याला मला शब्द सापडत नाही. परत आल्यावर मंडळात कोणीतरी नेहमीसारखं विचारलं, ‘काय मग अर्चना, गुड न्यूज कधी?’ मी खाली बघितलं. तुम्ही म्हणालात, ‘आम्ही दोघी जंगलात जातो हो, त्यातून तिला वेळच होत नाही.’ त्यानंतर तो प्रश्न मला कोणी विचारला नाही. त्याबद्दल मी तुम्हाला कधी थँक यूसुद्धा म्हटलं नाही.

भांडणही झालं आपलं, एकच, पण ते मिटलं नाही. बोर्निओत नदीकाठी ते माकड दिसलं होतं. डुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फासात त्याचं मनगट अडकलेलं, तार तुटलेली पण मांसात रुतलेली, हात सुजून काळा पडलेला. ते होडीपासून पंधरा फुटांवर बसून आपल्याकडे बघत होतं आणि तुम्ही फोटो काढत होतात. एकामागून एक.

‘पुरे करा, आई,’ मी ओरडले. ‘काहीतरी करायचं सोडून फोटो काय काढताय?’

‘काय करू? तू सांग. जवळ गेलो तर ते पळेल.’

‘मग निदान बघू तरी नका असं!’

तुम्ही कॅमेरा खाली घेतला नाहीत. नंतर होडीत हळू आवाजात म्हणालात, ‘लॅबमध्ये तीस वर्षं मी हेच केलं. बरं एकालाही करू शकले नाही. नीट बघितलं, एवढंच.’ मला ते पटलं नाही. तो फोटो तुम्ही मोठा करून जिन्यापाशी लावलात. पाहुणे यायचे म्हणून मी तो कपाटामागे ठेवला. तुम्ही परत लावलात. मी परत काढला. आपण त्यावर एक शब्द बोललो नाही, फक्त फोटो जागा बदलत राहिला.

आणि मग जानेवारी. हॉस्पिटलचं पत्र आलं तेव्हा तुम्ही निखिलला न सांगता मला बरोबर नेलंत. डॉक्टरने कागदावर हृदयाचं चित्र काढून दाखवलं. त्यातली एक झडप आखडून अगदी चिंचोळी झालीय, ऑपरेशन लागेल, दोन-तीन महिन्यांत नंबर लागेल. तोपर्यंत दमायचं नाही, ओझं नाही, चढ नाही. तुम्ही अगदी शहाण्या मुलीसारख्या मान डोलवत होतात. मार्चची तिकिटं काढून झालीत हे ना तुम्ही बोललात ना मी.

परतीच्या बसमध्ये आपण वरच्या मजल्यावर बसलो होतो. ‘निखिलला आत्ता सांगायचं नाही,’ तुम्ही म्हणालात.

‘आई, हे मला जमणार नाही.’

‘जमेल. तू कोणाचं काही कोणाला सांगत नाहीस, म्हणून तर तुला आणलं. सुमात्राहून आलो की मीच सांगेन. मग कापा म्हणावं काय कापायचंय ते.’

‘आणि तिकडे काही झालं तर?’

‘सपाट वाटेनं जाऊ. नदीकाठानं. चढायचंच नाही.’

मी खिडकीबाहेर बघत बसले. शोकसभेत सगळ्यांना वाटलं की तुम्ही हट्टी होतात, आणि माझं तुमच्यापुढे काही चाललं नसणार. निखिललाही तेच वाटत होतं. खरं असं आहे, की त्या बसमध्ये मी एकदा ‘जमणार नाही’ म्हणाले आणि तुम्ही ‘जमेल’ म्हटल्यावर मला सुटल्यासारखं झालं. वर्षातले ते तीन आठवडे सोडले तर माझं स्वतःचं असं काही नव्हतं. निखिलला कळलं असतं तर तिकिटं त्याच दिवशी रद्द झाली असती. मी गप्प राहिले ती तुमचा शब्द पाळायचा म्हणून नाही. मला जायचं होतं.

सुमात्रात पहिले तीन दिवस आपण खरंच नदीकाठाने चाललो. गाइड होते पाक यूसुफ, पाक म्हणजे तिकडे वडीलधाऱ्याला मान देऊन म्हणतात ते, पन्नाशीचे, तुम्हाला ‘इबू’ म्हणायचे, म्हणजे आईच. सामान घ्यायला त्यांचा मेहुणा. तुमच्या सॅकमधलं निम्मं मी माझ्या सॅकमध्ये टाकलं होतं. तुम्ही दर वीस-पंचवीस पावलांवर झाड बघायच्या निमित्ताने थांबत होतात. मला कळत होतं. मीही झाडं बघत होते.

चौथ्या दिवशी सकाळी पाक यूसुफ चहाच्या वेळी म्हणाले की डोंगराच्या वरच्या सोंडेवर उंबराला फळं लागलीत, ओरांगउटानची मादी पिल्लाला घेऊन दोन दिवस तिथेच आहे. किती चढ? दोन तास. इबूंना जमेल का, त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं.

तुम्ही पण माझ्याकडे बघितलंत.

ते बघणं मी या सात आठवड्यांत हजार वेळा आठवलंय. त्यात ‘जाऊ या’ होतं की ‘नाही म्हण’ होतं, मला आजही सांगता येत नाही. कदाचित दोन्ही असेल. कदाचित तुम्ही थकला होतात आणि कोणीतरी आपल्याला थांबवावं असं वाटत होतं, आणि थांबवायला तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

मी म्हणाले, ‘जाऊ या. हळूहळू जाऊ.’

लाल चिखल, मुळांच्या पायऱ्या, हवा ओल्या टॉवेलसारखी. तासाभराने वर कुठेतरी फांद्या मोडल्याचा आवाज आला, जड, सावकाश. पाक यूसुफनी बोट वर केलं. तुम्ही एका खोडाला हात लावून उभ्या होतात. ओठांचा रंग मला आवडला नाही. ‘थोडं थांबू या गं,’ म्हणालात.

आणि मी म्हणाले, ‘दहाच मिनिटं, आई. आलंच.’

दहा मिनिटंही झाली नाहीत. तुम्ही पडलासुद्धा नाहीत, नुसत्या खाली बसत गेलात, पाठ खोडाला घासत. छातीतून पाण्यात फुंकल्यासारखा आवाज येत होता. फोनला रेंज नव्हती. मेहुणा मदत आणायला खाली धावला. मी तुम्हाला आडवं केलं, सॅक पायाखाली दिली. चक्कर आली की पाय वर करायचे, एवढंच मला ठाऊक. तुम्ही उठून बसायला बघत होतात, माझा हात ढकलत होतात, आणि मी खांद्याला धरून तुम्हाला परत झोपवत होते. श्वास लागला असेल तर माणसाला बसतं ठेवावं, आडवं करू नये, हे मी इथे परत आल्यावर वाचलं. हॉस्पिटलने दिलेल्या पत्रकात. ते पत्रक जानेवारीपासून माझ्याच पर्समध्ये होतं.

तेव्हा तुम्ही माझा मनगटापाशी हात धरलात. आवाज स्पष्ट होता. ‘तू का आणलंस मला इथे?’

‘पाय वर ठेवा, आई,’ मी म्हणाले.

इबू काय म्हणाल्या, पाक यूसुफनी विचारलं. पाणी मागताहेत, मी सांगितलं. त्यांनी बाटली तुमच्या ओठांना लावली. तुम्ही तोंड फिरवलंत. त्यानंतर तुम्ही माझ्याशी काही बोलला नाहीत. जवळजवळ चार तास तुम्ही होतात, आई, आणि बोलला नाहीत. खालून माणसं आली, दोन बारीक खोडं कापून ताडपत्रीची झोळी केली. उतरणीवर ते चौघं घसरत होते, माझं लक्ष त्यांच्या पायांकडे, पावसाकडे, घड्याळाकडे. तुमच्या तोंडाकडे मी बघत नव्हते. बघवत नव्हतं म्हणू, की बघितलं नाही म्हणू? तुम्ही माझ्या जागी असतात तर तुम्ही बघितलं असतंत. एवढं मात्र मला आता पटलंय, आणि ते सांगायला तुम्ही नाही आहात.

नदीचा आवाज यायला लागला होता. पाक यूसुफ थांबले, वाकले, मग त्यांनी झोळी खाली ठेवायला सांगितली आणि टोपी काढली. मी तुमच्या घोट्यावरची जळू काढली. ती अजून पीत होती.

पुढचं सगळं कागदांचं होतं. तुम्हाला इथे आणायला अकरा दिवस लागले. परदेशात असा अचानक मृत्यू झाला की इथे कॉरोनरच्या, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या ऑफिसकडून चौकशी होते. तिथल्या बाईचा फोन आला तेव्हा आम्ही दोघं स्वयंपाकघरात होतो, फोन स्पीकरवर ठेवला होता. फार मऊ आवाजात बोलत होत्या. तुमच्या आईला हृदयाचा काही त्रास होता का, त्यांनी विचारलं.

‘नो,’ निखिल म्हणाला.

‘येस,’ मी म्हणाले.

ओट्याच्या कडेला हात टेकून तो माझ्याकडे वळला. बाई ‘हॅलो? हॅलो?’ करत राहिल्या. मी सगळं सांगितलं: जानेवारी, डॉक्टर, झडप. फोन ठेवल्यावर तो मराठीत बोलला. इथेच वाढलेला तो, चिडल्यावर इंग्लिशच बोलतो, तुम्हाला माहीत आहे. पण तेव्हा मराठीत बोलला.

‘माझा आई होता ना? मग मला का नाही माहीत?’

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, माझी आई रे, माझी. मी काही सुधारलं नाही. ‘त्यांनीच सांगू नको म्हटलं होतं,’ एवढं म्हणाले. ते खरं होतं, आणि त्याच्यामागे मी लपले. तेव्हापासून तो तुमच्या खोलीत झोपतो. माझ्यावर चिडलाय, पण त्याहून जास्त तुमच्यावर. एकदा जिन्यात मला ऐकू आलं, तो फोनवर मित्राला सांगत होता, ममा नेव्हर लिसन्ड टू एनीवन. मेलेल्या आईवर त्याला चिडू दिलं मी, कारण ते मला सोयीचं होतं.

कॉरोनरच्या ऑफिसला मी लेखी जबाब दिला. त्यात लिहिलं, ‘त्यांना वर जायचं होतं.’ खोटं म्हणता यायचं नाही. तुम्हाला जायचं असेलही. पण ‘जाऊ या’ तुम्ही म्हणाला नव्हतात. तो शब्द माझा होता आणि मी तो तुमच्या नावावर लिहून दिला.

काल शनिवार. कॉरोनरच्या ऑफिसला फोन करून खरं सांगायला सोमवार उजाडेल, पण निखिल समोर होता. तुमच्या खोलीतला बिछाना बदलत होता. मी दारात उभी राहून सांगितलं. बसमधलं सांगितलं. चहाच्या वेळचं सांगितलं, दहा मिनिटांचं सांगितलं. त्याची समजूत होती की तुम्ही एका क्षणात गेलात. चार तास, मी म्हणाले. त्याच्या हातात उशी होती, अभ्र्यात अर्धी घातलेली. तो तशीच धरून उभा राहिला.

‘ती काय म्हटला? शेवटी?’

मला दुसरं काही सांगता आलं असतं. तुझं नाव घेतलं, म्हणाले असते तर त्याने जन्मभर मानलं असतं. मी तुमचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

‘मग तू काय सांगितलं तिला?’

‘काही नाही. पाय वर ठेवा म्हणाले.’

‘नाऊ टेल मी,’ तो म्हणाला. ‘मला सांग. का आणलं?’

‘मला यायचं होतं,’ मी म्हणाले. ‘मला इथून जायचं होतं, निखिल. त्यांच्याशिवाय मला जाता आलं नसतं.’

तो पलंगाच्या कडेला बसला. बाहेर शेजाऱ्यांचं गवत कापायचं मशीन चालू होतं, ते बंद झालं, परत सुरू झालं. मग त्याने विचारलं, ‘ते ओरांगउटान दिसला का तरी तिला?’

‘नाही. फांद्यांचा आवाज आला फक्त.’

त्याने मान हलवली. उशीला अभ्रा नीट घातला, ती पलंगावर ठेवली, हाताने सारखी केली. रडला नाही, ओरडलाही नाही. मला वाटतं ते झालं असतं तर बरं झालं असतं.

सोमवारी मी जबाब बदलायला फोन करणार आहे. सुनावणी उन्हाळ्यात आहे. एका लहान खोलीत, खुर्च्या रांगेत मांडलेल्या असतात म्हणे, आणि घरच्यांना पुढे बसवतात. येणार आहे तो. एवढं त्याने सांगितलं. माझ्या शेजारी बसणार की वेगळा, ते तो म्हणाला नाही, आणि मी विचारलं नाही, आई.